एका पदराचा ठिपका

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर किरटं आहे, एक ओळ वर जाते, दुसरी खाली येते. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि शाळा चौथीतच सुटली. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, तरी माफी मागते. लिहितानाही समोर कुणीतरी बसलंय असं वाटत राहतं, आणि समोर कुणी असलं की माझं तोंड मिटतं. म्हणून बोलायचं ते लिहून काढते.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एका उन्हाळ्यात एक काचेची पट्टी ठेवलेली होती. तिनं मला जे दाखवलं त्याचा धक्का अजून पुरता उतरलेला नाही.

आम्ही इंदिरानगरला राहतो, मी आणि हे. हे अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. लेक सासरी गेल्यावर तिची खोली रिकामी पडली, ती आम्ही कॉलेजातल्या एका मुलीला भाड्यानं दिली. मी डबे करून देते, तेव्हा तिचं जेवणही आमच्याकडेच. मुलगी कळवणकडची. घरी फोनवर बोलायला लागली की तिची अहिराणी सुरू व्हायची, "काय करी राह्यनी माय? बरी शे ना?" आणि फोन ठेवला की आमच्याशी शहरातली मराठी. पुढची मोठी पदवी करत होती. काय करते विचारलं तर म्हणायची, "मावशी, वास घेणारं यंत्र बनवते." मला वाटायचं, चेष्टा करते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या कॉलेजची प्रयोगशाळा बंद झाली. सरांनी तिला सांगितलं, यंत्र घरी घेऊन जा, साध्या घरातल्या हवेत ते कसं वागतं बघ. फोडणी, धूप, ओला कपडा, काय काय असतं घरात. तर एक दिवस तिनं एक डबी आणली आणि ओट्यावर उघडली. आत बोटाएवढी काचेची पट्टी. पट्टीवर नथीच्या तारेहून बारीक अशा दोन सोनेरी रेघा, आणि त्या दोघींच्या मधे एक ठिपका. रांगोळीचा ठिपका त्याच्यापुढे मोठा. नीट बघितलं तरच दिसे, करडा, कुणी शिसपेन्सिल टेकवून उचलावी तसा.

मी पोळ्या करत होते. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या घडीच्या पोळीला पदर किती सुटतात?"

"तीन. चांगली झाली तर चार."

"ह्याला एक."

मी लाटणं थांबवलं. "एकच पदर? मग उरलं काय त्यात?"

"हेच तर. पेन्सिलीचं शिसं कसं कागदावर पापुद्र्या-पापुद्र्यानं उतरतं? त्याच जातीचा पदार्थ आहे, थरावर थर असलेला. चिकटपट्टीनं सोलत सोलत जायचं. शेवटचा एक पदर राहतो, त्याच्याखाली दुसरा नाही. त्याहून पातळ होतच नाही. त्याला फक्त लांबी-रुंदी. जाडी नसल्यासारखीच."

"जाडी नाही तर ते आहे कशावरनं?"

ती हसली. पट्टीच्या वायरी डबीला, डबी मोबाईलला जोडलेली. मोबाईलवर एक रेघ सरळ पुढे सरकत होती. तिनं खिडकीचा पडदा बाजूला केला. पट्टीवर ऊन पडलं आणि रेघ एकदम थरथरली, झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

"उजेड पडला की जागं होतं," ती म्हणाली. "बाजारातल्या यंत्रांना आत तापलेली तार लागते, म्हणजे दिवसभर शेगडी पेटती ठेवल्यासारखं. ह्याला नुसता उजेड पुरतो. अंधारात वायू येऊन चिकटून बसतो, सुटत नाही. उजेडानं तो सुटतो, जागा मोकळी होते, की नवा आला तर ह्याला कळतं."

मी हात पुसले आणि लांबूनच बघत राहिले. माझ्या अंगावर काटा आला. जिची जाडी नाही अशी वस्तू माझ्या घरातली हवा चाखत होती, आणि पंचवीस वर्षं त्याच हवेत उभी राहून मला कधी काही कळलं नव्हतं. तिनं अमोनियाचं नाव सांगितलं. गोठ्यात, मुतारीत नाकाला झोंबतो तो वायू. ह्या ठिपक्याला तो अगदी थोडा असला तरी समजतो म्हणाली. आणि म्हणाली, मूत्रपिंडं थकली तर माणसाच्या श्वासातही तो येतो, रक्तातली घाण बाहेर पडायला वाट शोधते.

"श्वासात?" मी विचारलं आणि आपोआप पदर तोंडावर घेतला.

ही माझी जुनी सवय. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांसमोर लाजेनं पदर धरायचे. सासरे गेले, सवय राहिली. नंतर तिला दुसरं कारण मिळालं. माझी नणंद देवळाली कॅम्पला असते, मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. दोन वर्षांपूर्वी भर हळदीकुंकवात म्हणाली होती, "वहिनी, जरा वेलदोडा चघळत जा गं. तोंडाला वास येतो." बायका हसल्या. तेव्हापासून मी घरातही पदर सोडला नाही. वेलदोडा चघळला, लवंग चघळली, मिठानं दात घासले. तोंडात तांब्याचं भांडं चाटल्यासारखी चव असायची ती गेली नाही. पायांना सूज यायची, सकाळी ओकारी आल्यासारखं वाटायचं. दिवसभर ओट्याशी उभं राहायचं, सूज येणारच, असं मी धरून चालले होते.

एका शनिवारी नणंद आली होती. मुलीनं बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या उजेडात यंत्र मांडलं होतं आणि वायूचं, मूत्रपिंडांचं सगळं तिलाही सांगितलं होतं. श्वास फुंकायला तिनं एक नळी लावली होती, नळीत पांढरे दाणे, नव्या चपलांच्या खोक्यात पुडी असते तसे. श्वासातली वाफ त्या दाण्यांत अडते, नाहीतर वाफेनंही रेघ हलते म्हणाली.

"काका, तुम्ही सगळे फुंकून बघता? निरोगी माणसांचा श्वास कसा दिसतो ते मला हवंय. नुसती गंमत आहे, डॉक्टरकीचं यंत्र नाही."

"फुंकतो की," हे म्हणाले. "फुकट दम लावायला मिळतोय."

नणंद आधी बसली. गाल फुगवून फुंकलं. रेघ जराशी हलली आणि बसली. "बघ, मी निरोगी," ती म्हणाली. "देवळालीची हवा आहे, तुमच्यासारखी नाही."

मग मुलीनं ह्यांना विचारलं, "काका, तोंडात काही नाही ना? काही खाल्लं?"

"अगं आज शनिवार. उपास हाय माझा. सकाळपासनं पाण्यावर हाय."

त्यांनी फुंकलं. रेघ उठली. उठली ती चढतच गेली, मोबाईलच्या वरच्या कडेला टेकली.  बाहेर भंगारवाला ओरडत होता तेवढाच आवाज. मुलीचं तोंड उतरलं. तिनं नळी पुसली, रेघ खाली येईपर्यंत थांबली, म्हणाली, "काका, परत एकदा." परत तेच.

नणंदेनं हात कपाळाला लावला. "अरे देवा! माझ्या दादाच्या किडन्या! मघाशी काय म्हणालीस तू, किडन्या म्हणालीस ना?"

"आत्या, तसं नसतं, हे नुसतं..."

"नुसतं कसलं! डोंगर झालाय तिथं रेघेचा!"

ह्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. कारखान्यात बोट अडकलं तेव्हाही हे हसत घरी आले होते. आता नुसते मोबाईलकडे बघत बसले.

त्या गडबडीत मुलीनं नळी माझ्याकडे केली. "मावशी, तुम्हीही फुंका, म्हणजे यंत्रच बिघडलंय का ते कळेल." मला नणंदेसमोर तोंड उघडं करायचं नव्हतं. मी पदर धरूनच नळीपाशी वाकले आणि पदराआडून फुंकलं. रेघ हललीसुद्धा नाही. कुणी पदराकडे बघितलं नाही. मी तशीच असते, त्यात बघायचं काय?

"वहिनी ठणठणीत," नणंद रडत रडत म्हणाली. "माझ्या दादालाच बरं नाही!"

पुढचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. सोमवारी नणंदेनं ह्यांना दवाखान्यात नेलं. रक्त दिलं, लघवी दिली, सोनोग्राफी केली. मी देवापुढे बसून राहायचे आणि उठताना गुडघे धरायचे. हे गेले तर मी काय करीन, ह्याच्यापुढे माझा विचार जात नव्हता. त्यात भाजी दोनदा करपली.

रिपोर्ट आले ते स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मूत्रपिंडांना काही झालेलं नाही, कुणी सांगितलं तुम्हाला?

हे घरी आले ते संतापूनच. "कुठं हाय ती वास घेणारी? माझ्या खिशाचा वास घेतला तिनं! एवढे पैसे गेले!"

मुलगी दारात उभी राहिली, रडायच्या बेतात. ह्यांनी खुर्चीत बसून चंची काढली, तंबाखू हातावर घेतली, चुना लावला, मळली, आणि बार गालात ठेवला. मुलगी बघत राहिली.

"काका, त्या दिवशी फुंकताना हे तोंडात होतं?"

"होतं की. ते कायमच असतं."

"मी विचारलं होतं ना, काही खाल्लंय का?"

"खाल्लं कुठं? तंबाखू काय खायची गोष्ट हाय? उपासाला चालते!"

मुलीनं त्यांच्या हातावरची उरलेली मळलेली तंबाखू कागदावर घेतली, खिडकीशी नेली, पट्टीजवळ धरली. रेघ सरळ वर. तंबाखूला चुना लागला की तो वायू सुटतो, ती म्हणाली. मला हसू आलं. पदराआड हसले. हे मात्र हसले नाहीत. "माझ्या घरात हे भूत नको," म्हणाले. मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, आणखी थोडे दिवस ठेवू द्या, स्वयंपाकघरात ठेवते. मी हो म्हणून मान हलवली. तेवढं मला जमतं.

अशी ती पट्टी माझ्या खिडकीत आली. तिथं सकाळचं ऊन थेट येतं. मुलगी मोबाईल जोडून ठेवायची आणि खोलीत लिहीत बसायची. फोडणी दिली की रेघ जरा हलायची. मिरची भाजली की हलायची. कुकरची वाफ गेली की टुणकन वर आणि लगेच खाली. मला आता तिच्या चाली कळायला लागल्या होत्या, शेजारणीच्या पायऱ्यांवरच्या पावलांसारख्या.

एका सकाळी डबे गेले होते, हे बाहेर गेले होते, मुलगी आंघोळीला. मी खिडकीशी मेथी निवडत बसले. एकटी असले की मी बोलते, हे सांगायला हरकत नाही. कुणाशीही बोलते, मेथीशी, मांजराशी. त्या दिवशी पट्टीशी बोलले. पदर खांद्यावर होता.

"काय गं," मी तिला म्हणाले, "तुझ्यामुळं पोरीला किती बोलणी बसली. तुला तंबाखू आणि माणूस ओळखता येत नाही? जाडी नाही तशी अक्कलही नाही का तुला?"

मी वाकून बोलत होते. रेघ वर निघाली.

 वाटलं, रागावली की काय. मग स्वतःलाच हसले. मागे सरकले, रेघ हळूहळू उतरली. परत वाकून म्हणाले, "बरं, चुकलं माझं." रेघ परत चढली. वाफेसारखी टुणकन खाली आली नाही. चढून तिथंच राहिली.

मी पदर तोंडावर घेतला आणि त्यातून बोलले. रेघ उतरली. पदर काढून बोलले. चढली. ढगानं ऊन गेलं तेव्हा ती जिथं होती तिथंच थिजली, ऊन आलं तशी परत हलायला लागली. मी गॅस बंद आहे ना बघितलं. मेथी लांब नेऊन ठेवली. घरात कुठं तंबाखूची पुडी आहे का बघितलं, हे चंची घेऊन गेले होते. परत येऊन बसले, आणि काही न बोलता नुसता श्वास सोडला, तोंड उघडं ठेवून.

चढली.

  त्या शनिवारी मी पदराआडून फुंकलं होतं हे मला तेव्हा आठवलं. ह्यांची रेघ खोटी चढली आणि माझी खोटी बसली, आणि सगळं घर चुकीच्या माणसासाठी रडलं. नणंद म्हणाली होती तो वास. तांब्याची चव. सुजलेले पाय.  न्हाणीतलं पाणी बंद झालं तसा पदर ओढून घेतला आणि मेथी पुढ्यात घेतली. मुलगी आली, म्हणाली, "मावशी, काय झालं? पांढऱ्या पडलात." मी म्हणाले, "ऊन."

मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना सांगायला तोंड नव्हतं, आधीच पैसे गेले होते आणि यंत्राचं नाव काढलं की ते उखडायचे. आणि कदाचित खोटंच असेल, मेथीचा वायू असेल, माझ्या दातांचा असेल. रोज डबे गेल्यावर मी खिडकीशी जायचे आणि श्वास सोडायचे. एखाद्या दिवशी तरी चढणार नाही असं वाटायचं. ती रोज चढायची. तो ठिपका बघून मला आता भीती वाटे. इतकासा, आरपार दिसणारा, आणि त्याच्यासमोर मला पदर घेऊन चालत नव्हतं.

मग एका दुपारी मुलगी म्हणाली, "मावशी, परवा कॉलेज उघडतं. यंत्र परत न्यायचं."

मी पोळी तव्यावर टाकली. ती फुगली, तिला मी उलटायचं विसरले. धूर झाला. मुलीनं गॅस बंद केला.

"नेऊ नकोस," मी म्हणाले.

"का?"

 मी तिचा हात धरून तिला खिडकीशी नेलं, पदर खाली सोडला, आणि पट्टीवर श्वास टाकला. ती बघत राहिली. "वाफ असेल," ती म्हणाली, पण आवाज तिचा नव्हता. तिनं धावत जाऊन पांढऱ्या दाण्यांची नळी आणली. मला चूळ भरायला लावली, परत भरायला लावली. आधी स्वतः फुंकलं, रेघ जागच्या जागी. मग मी फुंकलं.

"हाई काय शे माय!" ती म्हणाली. तिची अहिराणी माझ्याशी पहिल्यांदाच निघाली. "मावशी, त्या दिवशी तुमची तर काहीच..."

"त्या दिवशी पदर होता."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे भरले होते, पण बोलली नीट. "हे यंत्र मी बनवलंय, त्यामुळे मला माहीत आहे ते किती कच्चं आहे. काकांच्या वेळी बघितलंत ना. ह्याच्यावर विश्वास ठेवू नका. रक्त तपासा. खोटं निघालं तर मला शिव्या द्या."

"ह्यांना सांगू नकोस."

"आधी तपासू. मग तुम्हीच सांगा."

माझ्याकडे पैसे नव्हते. डब्यांचे पैसे हे घेतात आणि किराणा भरतात, माझ्या हातात भाजीपुरते राहतात. मुलीला कॉलेजातून दरमहा मिळतात त्यातले तिनं भरले. मी नको म्हणत होते, ती म्हणाली, "माझ्या पदरचे आहेत, कुणाला विचारायचं नाही." आम्ही दोघी रिक्षानं गेलो. डॉक्टर बाई होत्या, माझ्या लेकीहून जरा मोठ्या. मुलीनं यंत्राचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या यंत्राचं मला माहीत नाही. मला रक्त दाखव."

रिपोर्ट बघून त्यांनी मला विचारलं, "आजी, कुठल्या गोळ्या घेता?"

"कुठल्याच नाही. गुडघ्याची तेवढी."

"बघू."

मी पिशवीतून पाकीट काढून दिलं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेते, चिठ्ठी लागत नाही.

"ही कधी घेता? दुखलं की?"

"रोज. सकाळी एक घेतली की डबे होतात. सणाचं काम असलं तर दुपारी एक."

"किती दिवसांपासून?"

मी आठवून बघितलं. लेकीचं लग्न व्हायच्या आधीपासून. डॉक्टरबाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्या गोळीनं गुडघा गप्प बसतो, पण मूत्रपिंडांचं वाटोळं होतं. तुमची निम्म्याहून जास्त गेलीत. गेलेली परत येत नाहीत. राहिलेली सांभाळता येतील, आजपासून ही बंद केलीत तर."

मला त्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, आणखी काही नाही. मी विष खात नव्हते, दारू नव्हती, तंबाखू नव्हती. मी पोळ्या करता याव्यात म्हणून गोळी खात होते. ती गोळी मी शेजारणींनाही दिली होती, चांगली आहे म्हणून. दोघी-तिघींची तोंडं डोळ्यांपुढे आली. बाहेर आल्यावर पहिली त्यांच्याकडे गेले. दारात उभी राहून सांगितलं, ती गोळी घेऊ नका, मला असं झालंय. एक म्हणाली, "अगं बाई, आज तू एवढं बोललीस!" मलाही ते घरी आल्यावर कळलं.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. चहा ठेवला आणि सांगितलं, रिपोर्ट समोर ठेवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा केला, चष्मा शोधला. 

"माझी रेघ चढली तर सगळी आळी गोळा केली," ते म्हणाले, "अन् तुझी चढली तर तू गप?"

"तुम्ही त्याला भूत म्हणत होता."

"भूतच हाय ते." मग चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "खरं बोलणारं हाय पण." उठून बाहेर गेले. त्यांचे डोळे मला दाखवायचे नव्हते. नणंदेला त्यांनीच फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली. "वहिनी, मी वेलदोडा चघळ म्हणाले गं! मला काय माहीत गं!" तिला समजावता समजावता माझं रडायचं राहून गेलं.

गोळी बंद झाली. पहिले काही दिवस गुडघ्यांनी ब्रह्मांड दाखवलं. ओट्याशी उंच स्टूल आलं, बसून लाटते. लोणचं-पापड गेलं, मीठ कमी झालं, रक्तदाबाची गोळी आली, ती चिठ्ठीनं. डबे निम्मे केले. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई म्हणाल्या, खाली घसरलेलं नाही, आहे तिथं आहे. आहे तिथं आहे हे ऐकून इतकं बरं वाटतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

मुलीचे पैसे राहिले होते. ह्यांच्या तपासण्यांत घरातले गेले होते, हे म्हणाले पेन्शनीत देऊ. मुलगी म्हणाली राहू द्या. मला ते चालेना. तिनं आपल्या खर्चातून काढून दिले होते, त्या महिन्यात ती कॉलेजला चालत जायची हे मी बघितलं होतं. आता माझं येणं असलेले पैसे एकाच ठिकाणी होते. पलीकडच्या इमारतीत एकटे राहणारे एक गृहस्थ आहेत, बँकेत आहेत. त्यांचे डब्याचे मागचे पैसे थकले होते. ते पैसे ह्यांनी सोडून दिले होते आणि मी कधी मागितले नव्हते. मला मागता येत नाही. 

त्या दिवशी मी गेले. जिन्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं. मग वाटलं, आणखी काय व्हायचं राहिलंय? घंटा वाजवली.

"मावशी? आज डबा तर आला."

"डब्याचं नाही. मागचे पैसे हवेत. मला कुणाचे तरी द्यायचेत."

ते ओशाळले. "अहो, तुम्ही कधी मागितलेच नाहीत! मला वाटलं काकांना दिले मी."

"नाही दिले."

माझा आवाज मलाच परका वाटला. मोठा नव्हता, पण पूर्ण होता. त्यांनी निम्मे तेव्हाच दिले, आणि बाकीचे पगार झाल्यावर स्वतः घरी आणून दिले, वर सोनचाफ्याची दोन फुलं.

निम्मे मी मुलीला आधीच दिले होते. उरलेले हातात आले तशी तिच्या खोलीत गेले. ती लिहीत होती.

"मावशी, कशाला घाई?"

"मोजून घे."

"असं काय करता? तुमचे मी मोजू?"

"मोज."

तिनं मोजले. एकदा चुकली, परत मोजले.

"बरोबर," ती म्हणाली. "पूर्ण आले."